थेट आफ्रिकेच्या जंगलातून

सुरतेतल्या नवागामच्या गणपतीत त्या दुपारी मी माइकवरून जे वाक्य बोललो, ते बोलायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. ज्या दोघांना ती कळायला हवी होती त्यांना तर मी उलटंच सांगितलं, आणि त्यातला एक आता हयात नाही.

मी मुळात फार बोलणारा माणूस नाही. घरी विचारलं तेवढ्याचं उत्तर देतो. पण हातात माइक आला की माझ्यातून कोण बोलायचं कोण जाणे. नव्वद सालाच्या आसपास मी धुळ्याकडच्या गावातून सुरतेत काकाजवळ आलो आणि बमरोलीच्या एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चालवायला लागलो. बारा तासांची पाळी. लूमच्या खडखडाटात माणसाला ओरडून बोलायची सवय लागते, तरी माझा आवाज बिघडला नाही. उलट सगळे म्हणायचे, तुझा आवाज रेडिओवाल्यासारखा आहे. त्या आवाजाच्या जोरावर मला आमच्या लोकांच्या एका ऑर्केस्ट्रात निवेदनाचं काम मिळालं. सुटीच्या दिवशी हळदीचे कार्यक्रम, गणपती, बारसं, कुणाच्या घराची वास्तुशांत, असे कार्यक्रम आम्ही करायचो. ऐकणारे सगळे खानदेशातून आलेले, लूमवर किंवा डाईंगमध्ये राबणारे.

एकदा एका गुजराती लग्नाचं काम मिळालं होतं. मी तीन दिवस गुजरातीत निवेदन पाठ केलं. दोन गाण्यांनंतर मुलीचे काका स्टेजच्या कडेला आले आणि आमच्या मास्तरांना म्हणाले, "अवाज सारो छे, पण बोली घाटी जेवी छे. बीजा कोईने ऊभो राखो." आवाज चांगला, पण बोली घाट्यासारखी, दुसऱ्या कुणाला उभं करा. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माइक ढोलकवाल्याच्या हातात दिला आणि उरलेला कार्यक्रम वायरींच्या मागे बसून काढला. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर मी जे केलं ते अडाणीपणानं केलं असं मला म्हणता येत नाही. तोंड बघून, बोली ऐकून माणसाला खाली बसवलं की कसं वाटतं, हे मला नीट माहीत होतं.

मास्तर म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक. मालक म्हणायला ते, बाकी दिवसभर शिलाईच्या दुकानात शाळेचे गणवेश शिवत बसायचे. हार्मोनियम वाजवायचे, अहिराणीत गाणी रचायचे. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, कानामागे कायम खडू. कुणावर ओरडलेले मला आठवत नाहीत. सूर चुकला तर वाजवायचं थांबवायचे आणि गाणारा स्वतःच लाजेपर्यंत वाट बघायचे.

आणि तो. त्याचं नाव इथं लिहायचा मला हक्क नाही, म्हणून तोच म्हणतो. आमच्या गल्लीत तीन दारं सोडून त्याचं घर. ते सिद्दी. त्यांचे पूर्वज कधीकाळी, कितीतरी पिढ्यांआधी, आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आले, तेव्हापासून ते गुजरातेतच. त्याचे वडील डाईंगमध्ये बॉयलरवर होते. घरात बोलणं गुजराती. कुणी नवखा माणूस विचारायचा, "तुम्ही कुठले हो?" तर त्याचे वडील हसून सांगायचे, "अमे तो सुरती." खरंच होतं ते. अख्ख्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्यांचं सुरती घर ते एकच. आम्ही बाकीचे सगळे काल-परवा गाडीतून बोचकी घेऊन उतरलेले.

तो आमच्या पोरांत वाढला, म्हणून अहिराणी आमच्यासारखीच बोलायचा. आमच्यापेक्षा बरी, कारण आमची पोरं तोवर हिंदी झाडायला लागली होती. सोळा वर्षांचा असताना पहिल्यांदा तो मास्तरांसमोर गायला. गल्लीतच, एका हळदीला. मास्तरांनी रचलेलं गाणं होतं, बहिणीला सासरच्या गाडीत बसवून परत एकट्यानं घरी येणाऱ्या भावाचं. माझी आई, तोवर गावाहून माझ्याकडे आलेली, आत पुरणाचं बघत होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"कोना पोऱ्या शे रे हाऊ?"

"बॉयलरवालाना," मी म्हटलं. बॉयलरवाल्याचा.

आई खाली बसली आणि गाणं संपेपर्यंत उठली नाही. मग डोळे टिपत म्हणाली, "त्याले बहीण नही का?" नव्हती. एकुलता एक होता तो. आईला ते खरंच वाटेना.

मास्तरांनी त्याला ऑर्केस्ट्रात घेतलं. त्याच सुमाराला आमच्या समाजातला दुसरा एक पोरगा आला. वय तेच. गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा, केसांचा कोंबडा काढलेला. आवाज ठीक होता. वाईट पोरगा नव्हता, हे आधीच सांगतो, कारण अशा गोष्टीत एखादा गोरा पोरगा आला की त्याला खलनायक करायची सोय होते. तो बिचारा स्वतः म्हणायचा, "भाऊ, याच्यानंतर मला नका पाठवू. माझं पाणी होतं."

पण लोक. गोरा स्टेजवर आला की बायका पुढं सरकायच्या. तो शब्द विसरला की लोकच पुढची ओळ म्हणून द्यायचे. "लहान आहे हो अजून," म्हणायचे. हा आला की आधी एक कुजबूज. मग कुणीतरी ओरडायचं, "अरे, दात दाखव, दिसत नाहीस!" आणि हशा. त्यानं एकही शब्द विसरून चालायचं नाही. एकदा सर्दीनं त्याचा वरचा सूर फाटला, तर एक जण म्हणाला, "बघा, निघाली ना मूळ भाषा." सोळा वर्षं वय दोघांचं. एकाला पोर म्हणून सांभाळून घ्यायचं, दुसरा उस्ताद असला तरच गप्प ऐकून घ्यायचं. आणि प्रेमाचं गाणं तर त्यानं म्हणायचंच नाही. गोऱ्यानं म्हटलं की मुली लाजायच्या, यानं म्हटलं की बाप्ये हसायचे. त्या वेळच्या कॅसेटांवर, पोस्टरांवर, टीव्हीवर प्रेम करणारा माणूस कधी काळा दिसला होता का? लोक आपल्या डोळ्यांना शिकवलेलंच बघत होते. मीही तसाच.

ते वाक्य कसं जन्मलं ते सांगतो.

डिंडोलीकडे एक कार्यक्रम होता. मध्येच की-बोर्डचा अडॅप्टर जळाला. मास्तर आणि वादक तिकडं तारा जोडत बसले. माइक चालू, समोर चारशे माणसं, पोरं शिट्ट्या मारायला लागलेली. हा ढोलकाशी बसला होता, सहज ठेका धरत होता. मी घाबरलो होतो. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे पहिलं निघतं ते निघालं. म्हणालो, "मेहेरबान, आता थेट आफ्रिकेच्या जंगलातून आपल्या भेटीला आलाय... याला आपली भाषा कळत नाही, याला फक्त ढोल कळतो!"

मैदान उठलं. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या उडाल्या. निवेदकाला कधी कोण टाळी देतं? टाळी गाण्याला. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्या वाक्याला मिळाली. तोही हसत होता. पोरगा होता, त्याला वाटलं भाऊनं गंमत केली. तो उठला, चार उड्या मारल्या, "हुर्र हुर्र" केलं, तोवर की-बोर्ड चालू झाला.

पुढच्या कार्यक्रमाला मंडळवाले म्हणाले, "तो जंगलवाला आणताय ना?"

झालं. तो ठरलेला भाग झाला. मध्यंतराआधी दहा मिनिटं. मास्तर तेवढ्यात खाली उतरून चहा घ्यायचे. त्यांना तो प्रकार आवडत नव्हता, पण लोक मागतात म्हणून गप्प बसायचे. आणि त्याला मी काय सांगितलं होतं? "मास्तर म्हणतात, करायला पाहिजे." का तसं सांगितलं? कारण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो कुरकुरला होता आणि मास्तरांचं नाव घेतलं की तो नाही म्हणायचा नाही. सोपं पडलं.

मीच त्याच्या अंगाला खोबरेल चोळायचो. खोबरेलात काजळी मिसळायचो. तो हसून म्हणायचा, "भाऊ, मी काळाच शे ना, आखो कितला करशी?" आणखी किती करणार म्हणून. मी म्हणायचो, लाइटात फिकं दिसतं रे. कमरेला सुतळीचा घागरा. एकदा मी त्याला म्हटलं, तुमच्या दर्ग्यावर उरुसाला जो नाच करतात, तो कर की, खरा वाटेल. तेव्हा मात्र तो हसला नाही. म्हणाला, "तो दर्ग्यातल्या बाबाचा आहे. तो इथं नाही." मी आग्रह केला नाही. पुढं कधीतरी मी त्या उरुसाला गेलो, त्यांचा तो नाच पाहिला, तेव्हा कळलं की स्टेजवर तो जे करायचा त्यातलं एक पाऊलसुद्धा तिथलं नव्हतं. आम्हाला हवं तसलं जंगल त्यानं आमच्यासाठी मनानं तयार केलं होतं. आमच्याकडूनच उचलून.

या वाक्याची एक अडचण होती, ती कुणाच्याच लक्षात आधी आली नाही. याला आपली भाषा कळत नाही, असं एकदा सांगून झालं की त्यानं त्या कार्यक्रमात गाणं म्हणायचं कसं? गाणं म्हणताच यायचं नाही. एवढंच नव्हे, तो स्टेजमागं कुणाशी अहिराणीत बोलताना दिसला तर मंडळवाले हिरमुसायचे. म्हणून तो बोलायचाच नाही. लोक पाणी द्यायचे तर खुणेनं घ्यायचा. आमच्या बमरोलीच्या गल्लीत तो गायक होता, तिथं ते वाक्य चाललंच नसतं. गल्ली सोडली की तो मुका. दोन वर्षं असं चाललं. गाणं त्याचं गल्लीपुरतं उरलं.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरच्या दुसऱ्या वर्षी, असं सुरतेत आम्ही मोजतो, गणपतीच्या आधी मास्तर मला दुकानात बोलावून म्हणाले, "जळगावकडचा एक कॅसेटवाला येतोय. लग्नाच्या गाण्यांची कॅसेट काढतोय, अहिराणीत. त्याला दोन कोवळे आवाज पाहिजेत. नवागामला ऐकायला येणार."

"गोऱ्याला ठेवू पुढं," मी म्हटलं.

"दोघांना ठेवू. त्याला गाऊ दे यंदा. ते तुमचं जंगल बास झालं." मग खडूनं कापडावर रेघ मारत म्हणाले, "तू बघ कसं सांगायचं ते. सांगण्यावर असतं. तू नीट ओळख दिलीस की लोक नीट ऐकतील."

त्या कापडाचा शर्ट त्याच्यासाठीच होता. पिस्ता रंगाचा. मास्तरांनी स्वतः शिवला. स्टेजवर चांगला दिसला पाहिजे म्हणाले.

त्याच्या घरी जाऊन मी त्याला सांगितलं तेव्हा त्याची आई भाकरी थापत होती. तिला अहिराणी कळायची नाही, त्यानंच तिला गुजरातीत सगळं सांगितलं. तिनं मला विचारलं, "नाम बोलशो ने एनुं? बापनुं पण?" नाव घ्याल ना त्याचं, बापाचंसुद्धा? मी म्हटलं, घेईन. तो म्हणाला, "भाऊ, असं सांग, बमरोलीचा आहे. आपल्या गल्लीचा. बास." आठ दिवस तो रोज पाळी सुटल्यावर मास्तरांकडे बसायचा. त्याच भावाच्या गाण्यावर. तेव्हा तोही खात्यात लागला होता, बॉबिन भरायला. कॅसेट निघाली तर आपण गायक, नाहीतर जन्मभर बॉबिन, हे त्याला दिसत होतं. मलाही दिसत होतं.

नवागामला दुपारचा कार्यक्रम होता, चार वाजता. रातपाळीवाल्यांना संध्याकाळी सातला कामावर जावं लागतं, म्हणून तिथलं मंडळ त्यांच्यासाठी दुपारी वेगळा कार्यक्रम ठेवायचं. भर उन्हातला मंडप, रंगीत लाइट नाहीत. पुढच्या खुर्चीवर कॅसेटवाला, मोठ्या अंगाचा, हातात रुमाल. मंडळवाल्यांनी त्याला नारळ दिला होता, तो त्यानं मांडीवर धरला होता.

गोरा आधी गायला. दुसऱ्या कडव्यात शब्द विसरला. लाजला, केसांतून हात फिरवला. बायकांनी ओळ पुरी केली, टाळ्या पडल्या. कॅसेटवालाही हसला. गोरा खाली उतरता उतरता माझ्या कानाशी म्हणाला, "भाऊ, आता त्याला पाठव. खरं गाणं तर आता आहे."

साडेपाच वाजत आलेले. मागच्या रांगा उठायला लागल्या. रातपाळीची माणसं, डबा भरायचा, जायचं. दहा उठले, वीस उठले. कॅसेटवाल्यानं मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं. आणि तो, आमचा गाणारा, माझ्या उजव्या हाताला उभा होता, पिस्ता शर्ट, केस ओले करून बसवलेले, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं.

मी सुरुवात केली. "आता आपल्यासमोर येतोय बमरोलीचा..." कुणी ऐकेना. खुर्च्यांचे आवाज. मी पुन्हा म्हटलं, "बमरोलीचा एक तरुण..." एक जण पाठ करून चालताना ओरडला, "निवेदक झोपला का रे?" हशा झाला. माझ्यावर.

माणसं थांबवणारं एकच वाक्य मला येत होतं.

"...थेट आफ्रिकेच्या जंगलातून!" मी म्हणालो. पूर्ण म्हणालो. भाषा कळत नाही हेसुद्धा म्हणालो.

उठलेले बसले. गेलेले परत आले. "जंगलवाला! जंगलवाला!" गेल्या वर्षी त्यांनी तो पाहिला होता. ऑक्टोपॅडवाल्यानं सवयीनं जंगलाचा ठेका सुरू केला. मास्तरांचे हात हार्मोनियमवर थांबले.

त्यानं लोकांकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. मग तो पुढं आला, माइक घेतला आणि गाणं सुरू केलं. मास्तरांनी लगेच सूर दिला. ठेका थांबला. भावाचं गाणं, अहिराणीत, तो म्हणाला. तसं म्हटलेलं मी पुन्हा ऐकलं नाही.

लोक हसले. वाईट मनानं नाही, खुशीत हसले. त्यांना वाटलं ही यंदाची नवी गंमत, जंगलातला माणूस अहिराणी बोलतोय. प्रत्येक ओळीला हशा. "अरे, पाठ केलंय की यानं!" "याले कोनी शिकाडं रे?" गाडी हलते आणि भाऊ फलाटावर उरतो, त्या ओळीला तर पुढची पोरं उड्या मारायला लागली, "हुर्र हुर्र". मंडळाचा एक कार्यकर्ता प्रेमानं वर आला आणि मखराची हिरवी कागदी झालर काढून त्यानं त्याच्या कमरेला बांधली, शर्टावरून. मला वाटलं आता हा खाली उतरेल. त्यानं एक कडवं पुरं केलं. मग माइक माझ्या हातात दिला आणि नाचला. दहा मिनिटं. शर्ट घामानं पाठीला चिकटला. त्या दिवशी मी त्याला काजळी लावलेली नव्हती.

कॅसेटवाला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मास्तर त्याच्याकडं गेले. मी जवळच होतो. "गाणं ऐकलंत ना तुम्ही?" मास्तरांनी विचारलं. तो म्हणाला, "पोरगा कमाल आहे, मास्तर. पण कॅसेटमध्ये काय करू त्याला? नाच ऐकू येत नाही. तो गोरा पोरगा पाठवा."

मंडपामागं, जिथं सामान ठेवलं होतं तिथं, तो झालर सोडत होता. मला म्हणाला, "भाऊ, हाई बोलाले मास्तरनी सांगं व्हतं का तुले?"

हे म्हणायला मास्तरांनी सांगितलं होतं का तुला. एवढंच त्यानं विचारलं. मी नाही म्हणू शकलो असतो. माझी जीभ घसरली, मी घाबरलो, लोक उठत होते, काहीही सांगू शकलो असतो.

"हां," मी म्हटलं.

त्यानं शर्ट काढला, घडी घातली, माझ्या हातात दिला. "त्यासले दी दे." बनियनवर चालत गेला.

दुसऱ्या दिवशी मी शर्ट घेऊन मास्तरांच्या दुकानात गेलो. खरं सांगायला दुसरी संधी होती ती. मास्तर रात्रभर जागल्यासारखे दिसत होते. त्यांनी विचारलं, "काल असं का बोललास?" मी म्हटलं, "त्यानंच सांगितलं होतं, मास्तर. ऐन वेळी भ्याला. म्हणाला, नाचतोच." मास्तरांनी माझ्या हातातला शर्ट घेतला. मग म्हणाले, "आणि शर्ट?" मी म्हटलं, "काखेत घट्ट होतो म्हणाला."

मास्तरांनी शर्ट उलटा करून पाहिला, काखेतली शिवण उसवली आणि अर्धा इंच सोडून पुन्हा घातली. खुंटीला लावला. महिना-दोन महिने ते मला विचारत राहिले, "येतो का रे तो? सांग त्याला, शर्ट झालाय." मी म्हणायचो, सांगितलं मास्तर, त्याला आता गायचं नाही म्हणतो. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. तो गल्लीत दिसला की मीच वळून दुसरीकडून जायचो. वर्षभरात त्याच्या वडिलांचं काम हजीऱ्याकडे लागलं आणि ते घर सोडून गेले. गोऱ्याची एक कॅसेट निघाली, बरी चालली, मग त्यानं मोबाइलचं दुकान टाकलं. मी ऑर्केस्ट्रात आणखी सहा वर्षं निवेदन केलं. ते वाक्य पुन्हा वापरलं नाही. वापरायला माणूसच नव्हता.

मास्तर मेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मयताला ऑर्केस्ट्रातले सगळे होते. तो नव्हता.

चार वर्षांमागं उधन्याच्या बसथांब्यावर कुणीतरी मागून म्हणालं, "भाऊ, वळखं का माले?" केस पिकलेले, गळ्यात कंपनीचं कार्ड. हजीऱ्याला क्रेन चालवतो म्हणाला. त्यानं माझ्या आईचं विचारलं. आई गेली हे मी सांगितलं. मग स्वतःच म्हणाला, "मास्तर गयात ते समजनं व्हतं. मयतले उनू नही मी. मन नही व्हयनं." थोड्या वेळानं म्हणाला, शर्ट शिवून देणारा माणूस असं सांगेल असं कधी वाटलं नव्हतं.

मी मान हलवली. त्या मान हलवण्याला मी काय म्हणू? मेलेल्या माणसाच्या माथी मी ते तिसऱ्यांदा मारलं.

"गातोस का?" मी विचारलं.

"पोर म्हनस," तो म्हणाला. मुलगी गाते. "भलतं गोड म्हनस. रंग मनाच शे तिना. पन स्टेजवर चढू नही देस मी." रंग माझाच आहे तिचा, स्टेजवर चढू देत नाही मी, हे तो रागानं म्हणाला नाही. पाऊस येतोय म्हणून पोराला बाहेर न सोडणारा बाप म्हणेल तसं म्हणाला. त्याची बस आली. चढताना त्यानं मला त्याचा नंबर दिला, घरी ये म्हणाला, बिर्याणी करू.

नंबर माझ्याजवळ आहे. हजीऱ्याला जायला बमरोलीहून फार वेळ लागत नाही. चार वर्षांत मी गेलो नाही, फोनही केला नाही. लिहिणं सोपं आहे, इथं कुणाचं नाव नाही, समोर कुणी उभं नाही, आणि हे लिहून काही फिटलं असं मी मानत नाही. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोसमोर आणि त्या मुलीसमोर, मास्तरांनी नव्हतं सांगितलं, मीच बोललो होतो, आणि तुला खोटं सांगितलं होतं, एवढं तोंडानं सांगणं मी त्याला देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.